प्राणिसंग्रहालयाचे मागचे फाटक : उद्याने पुन्हा उघडणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महापालिकांचे आयुक्त आणि महापालिका प्राणिसंग्रहालयांचे संचालक,
तसेच सदस्य सचिव, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, नवी दिल्ली

फेब्रुवारी 2022

विषय : महासाथीच्या काळात प्राणिसंग्रहालये पुन्हा उघडताना सुरक्षिततेची आणि कायदेशीर जबाबदारीची लेखी निश्चिती करण्याबाबत.

महोदय, महोदया,

भायखळ्याची राणीची बाग या महिन्यात पुन्हा उघडली आहे. पुण्यातील कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय मार्च 2020 पासून बंद असून तेही आता उघडावे अशी मागणी वाढू लागली आहे. ओमायक्रॉनची लाट ओसरते आहे, शाळा भरू लागल्या आहेत आणि दोन वर्षे घरात कोंडलेल्या मुलांना वाघ-सिंह दाखवायला न्यावे असे पालकांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मीही त्याच मताची आहे. प्राणिसंग्रहालये उघडू नयेत असे सांगण्यासाठी हे पत्र नाही. ती कोणत्या तयारीने उघडावीत, आणि काही विपरीत घडले तर उत्तर कोणी द्यायचे हे आधी ठरवून, सही-शिक्क्यानिशी जाहीर करून मगच उघडावीत, एवढेच मला मांडायचे आहे. राणीची बाग 15 फेब्रुवारी 2021 रोजी उघडली, एप्रिलच्या सुरुवातीला बंद झाली, 1 नोव्हेंबरला पुन्हा उघडली आणि या जानेवारीत तिसऱ्यांदा बंद झाली. इतक्या वेळा उघडझाप झाल्यावर उघडण्याची एक ठरलेली रीत तयार व्हायला हवी होती. ती झालेली मला दिसत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी पुण्यात वकिली करते. कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे आणि ग्राहक आयोगापुढील तक्रारी हे माझे रोजचे काम. प्राण्यांच्या वैद्यकातले मला जेवढे कळते तेवढे कोणत्याही सजग वाचकाला कळते. परंतु अपघात झाल्यानंतर कागद कसे शोधले जातात, जबाबदारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कशी सरकवली जाते आणि शेवटी ती कोणाच्या पदरात पडते, हे मी वर्षानुवर्षे जवळून पाहिले आहे.

प्रथम विषाणूची वाट पाहू, कारण कायद्याची वाट तिच्याच मागोमाग जाते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील नादिया नावाची मलायन वाघीण एप्रिल 2020 मध्ये कोरोनाबाधित आढळली, तेव्हा जगभर बातमी झाली. त्या बातमीतील एक तपशील मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. ते प्राणिसंग्रहालय 16 मार्चलाच प्रेक्षकांसाठी बंद झाले होते आणि तिच्यात पहिली लक्षणे दिसली ती 27 मार्चला. संसर्ग प्रेक्षकाकडून आला नव्हता. लक्षणे नसलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याकडून आला असावा, असाच निष्कर्ष तेथील तज्ज्ञांनी काढला. आपल्या देशातही हेच घडले. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ आशियाई सिंह बाधित असल्याचे 4 मे 2021 रोजी सीसीएमबी या तेथील पेशी व रेणूजीवशास्त्र संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेने सांगितले. त्यांना कोरडा खोकला होता, नाक गळत होते, भूक मंदावली होती. सुदैवाने ते सगळे बरे झाले. चेन्नईजवळच्या वंडलूर प्राणिसंग्रहालयात दैव तितके चांगले नव्हते. तेथील नीला ही नऊ वर्षांची सिंहीण 3 जूनला गेली, त्यानंतर 16 जूनला पद्मनाथन हा बारा वर्षांचा सिंह गेला. अकरा सिंहांपैकी नऊ बाधित होते आणि प्राण्यांच्या रोगांची तपासणी करणाऱ्या भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेने त्यांतील चार नमुन्यांचा जनुकीय क्रम तपासला तेव्हा तो डेल्टा विषाणू निघाला. आता दिनांक पाहावेत. वंडलूरचे फाटक 20 एप्रिलपासून लोकांसाठी बंद होते आणि सिंह आजारी दिसू लागले ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. तिकीट काढून आलेला एकही माणूस पाच आठवडे आत गेला नव्हता.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पुढचे फाटक बंद असताना विषाणू मागच्या फाटकाने आत गेला. त्या फाटकातून रोज सकाळी कोण जाते? म्हशीचे मांस घेऊन येणारा टेम्पो जातो, पिंजरे धुणारे जातात, पशुवैद्य जातात आणि ज्यांना कागदोपत्री प्राणीरक्षक आणि बोलण्यात कीपर म्हणतात ते जातात. आपल्या पुन्हा उघडण्याच्या परिपत्रकांत तापमापक, सॅनिटायझर, वर्तुळे आखलेली रांग, ऑनलाइन तिकीट या सगळ्याचा तपशीलवार उल्लेख असतो आणि तो असावाच. पण ही सारी व्यवस्था पुढच्या फाटकाची आहे. मागच्या फाटकाबद्दल बहुतेक वेळा एकच ओळ असते : कर्मचाऱ्यांनी आवश्यक ती खबरदारी घ्यावी.

त्या एका ओळीमागे काय असते ते मी डिसेंबरमध्ये पाहिले. प्राणिसंग्रहालयाचे नाव मी लिहिणार नाही, कारण मला एका ठिकाणाला दोषी ठरवायचे नाही आणि जे पाहिले ते त्या एकाच ठिकाणी असेल असे मला वाटत नाही. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेला एक प्राणीरक्षक मला त्याचे काम दाखवायला घेऊन गेला होता. सिंहिणीच्या रात्रीच्या निवाऱ्यापुढे एक अरुंद बोळ आहे. बोळात दोन माणसे एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. दाराशी पाय बुडवून आत जाण्यासाठी केलेला उथळ हौद कोरडा होता आणि त्याच्या तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा जांभळट डाग तेवढा उरला होता. सिंहिणीला बाहेरच्या आवारातून आत घ्यायचे तर तिला हाक मारावी लागते. मास्कमधून हाक मारली तर ती ओळखत नाही, कान टवकारते आणि तिथेच बसून राहते, असे तो म्हणाला, आणि मास्क हनुवटीखाली ओढून त्याने तिला हाक मारली. ती आली. गजाला नाक लावून उभी राहिली. त्या दोघांच्या चेहऱ्यांत फार तर हातभर अंतर होते. त्याने हे बेफिकिरीने केले नव्हते. दिवसाचे काम वेळेत संपवायचे तर त्याच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

तो महापालिकेचा नोकर नव्हता, ठेकेदाराचा होता. मागच्या लाटेत त्याला चार दिवस खोकला होता. मुकादमाला सांगितले तेव्हा घरी बस म्हणाले, पण खाडा लागेल असेही म्हणाले. दोन खाडे लागल्यावर तो पुन्हा कामावर गेला आणि खोकला येत असल्याचे नंतर कोणालाही सांगितले नाही. त्याची पगाराची चिठ्ठी मी पाहिली आहे. तिच्यावर ठेकेदाराचा शिक्का आहे, भरलेल्या दिवसांचा आकडा आहे आणि राज्य कामगार विम्याच्या कपातीचा रकाना कोरा आहे. त्याच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना काही झाले नाही, हे त्यांचे नशीब. याला कोणी सुरक्षाव्यवस्था म्हणू नये.

जंगली मांसाहारी प्राण्यांना प्राणिसंग्रहालयांत आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. त्यामुळे मांस तसेच पडून राहिले तर ते उपासाच्या आदल्या दिवसाची सुस्ती आहे की दुखणे आहे, हे रोज त्याच जागी उभ्या राहणाऱ्या माणसालाच प्रथम कळते. हैदराबादेतील सिंहांची भूक मंदावल्याचेही कोणत्या तरी कीपरच्याच डोळ्यांनी आधी टिपले असणार. आजारपण लपवावे लागणारा, पोटासाठी धास्तावलेला आणि ठेका बदलला की बदलला जाणारा माणूस हे काम कसे करणार? म्हणून मी म्हणते की कीपरची पगारी रजा हा कामगार कल्याणाचा विषय आहेच, पण सिंहाच्या आरोग्याचाही तो पहिला विषय आहे. सीसीटीव्ही आणि पीपीई किट त्यानंतर येतात. सॅन दिएगोच्या सफारी पार्कमध्ये जानेवारी 2021 मध्ये गोरिलांना संसर्ग झाला तेव्हा कर्मचारी मास्क आणि संरक्षक साधने वापरत होते; तरीही लक्षणे नसलेल्या एका कर्मचाऱ्याकडून तो पोहोचला असावा असे तेथील व्यवस्थापनाने उघडपणे सांगितले. साधने हवीतच, परंतु बाधित माणूस त्या बोळात जाणारच नाही, ही खरी खबरदारी आहे.

आता कायद्याकडे येते, कारण आपल्यापैकी अनेकांना असे वाटते की ठेकेदार नेमला की कामगाराचा प्रश्न मिटला.

तो मिटत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, 1923 च्या कलम 12 नुसार, मुख्य मालकाच्या व्यवसायाचा भाग असलेले काम ठेकेदारामार्फत करून घेतले तर नुकसानभरपाईची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची राहते. त्याने ती ठेकेदाराकडून नंतर वसूल करावी. महापालिका म्हणजे काही व्यवसाय नव्हे, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. कायदा करणाऱ्यांनी तो आधीच ओळखला होता. त्याच अधिनियमाच्या कलम 2 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की स्थानिक प्राधिकरणाने आपले अधिकार आणि कर्तव्ये पार पाडणे हा या कायद्यापुरता त्याचा व्यवसायच मानला जाईल. आणखी एक गोष्ट फार थोड्यांनी वाचली आहे. या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक रोगांची यादी आहे आणि तिच्या अगदी आरंभीच संसर्गजन्य रोग आहेत. ज्या कामांत असा संसर्ग होण्याचा विशेष धोका असतो त्या कामांत आरोग्यसेवेबरोबर पशुवैद्यकीय काम आणि प्राणी किंवा त्यांचे मृतदेह हाताळण्याचे काम स्वतंत्रपणे नोंदवले आहे. कोविड तिथे बसतो की नाही यावर न्यायालयात वाद होईल, आणि तो व्हावा. परंतु बाधित सिंहाच्या पिंजऱ्यात काम करताना आजारी पडलेल्या कीपरची बाजू त्या वादात दुबळी असेल असे समजण्याचे काहीच कारण नाही.

जिथे राज्य कामगार विमा लागू आहे तिथे हा दावा विमा महामंडळाकडे जातो. महामंडळाने कोविडने मरण पावलेल्या विमाधारकाच्या कुटुंबाला सरासरी वेतनाच्या 90 टक्के दरमहा देणारी योजना 2021 मध्ये आणली आणि ती 24 मार्च 2020 पासून लागू केली, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र कामगाराची विम्यात नोंद आणि वर्गणी नसेल तर तिचा लाभ मिळवणे अवघड होते. तो कोरा रकाना मला म्हणूनच इतका खटकला. कंत्राटी कामगार अधिनियम, 1970 जिथे लागू होतो तिथे हात धुण्याची आणि पिण्याच्या पाण्याची सोय ठेकेदाराने केली नाही, तर ती मुख्य मालकाने करायची असते आणि खर्च ठेकेदाराच्या देयकातून कापायचा असतो. म्हणजे तो कोरडा हौद आणि साबण नसलेला नळ यांची जबाबदारीही फिरून आपल्याच दाराशी येते.

प्रेक्षकांच्या बाबतीतही ठेकेदाराच्या आड उभे राहता येत नाही, आणि यासाठी मला वडोदऱ्याचे उदाहरण द्यावेसे वाटते. 11 ऑगस्ट 1993 रोजी तेथील सुरसागर तलावात एक नाव उलटली. वीस माणसांच्या नावेत अडतीस माणसे बसवली होती, बावीस बुडाली. नाव ठेकेदाराची, तिकीट ठेकेदाराचे, तलाव महापालिकेचा. आमचा काय संबंध, असे महापालिका वर्षानुवर्षे सांगत राहिली. हे प्रकरण ग्राहक मंचाच्या वाटेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2014 मध्ये न्यायालयाने महापालिकेची जबाबदारी कायम केली; लोकांच्या जीविताची काळजी घेण्याचे कर्तव्य ठेका देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, असे सांगितले. मृतांच्या नातलगांना या उत्तरासाठी एकवीस वर्षे थांबावे लागले. प्राणिसंग्रहालयाचे तिकीट काढणारा माणूस त्या नावेत बसलेल्या माणसापेक्षा कायद्याच्या नजरेत वेगळा नाही.

याच्या उलट बाजूला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचा निकाल आहे आणि तोही मी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. 1997 च्या त्या आगीत 59 माणसे गेली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचा भार चित्रपटगृहाचा परवानाधारक आणि विद्युत मंडळ यांच्यावर अनुक्रमे 85 आणि 15 टक्के असा टाकला. परवाना देणाऱ्या यंत्रणा आणि महापालिका यांच्यावर टाकला नाही. हा निकाल दाखवून काही विधी अधिकारी महापालिकेला निश्चिंत करतात. त्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. उपहार दिल्ली महापालिका चालवत नव्हती. प्राणिसंग्रहालय मात्र महापालिका स्वतः चालवते, त्याचे तिकीट छापते, त्याच्या अंदाजपत्रकाला मंजुरी देते. उपहारमधील परवाना देणाऱ्याची खुर्ची इथे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची आहे. आपण बसला आहात ती खुर्ची चालकाची आहे.

प्रेक्षकांसाठी प्रवेशद्वारावर लावला जाणारा एक फलक मला या निमित्ताने काढून टाकायला सांगायचा आहे. त्यावर लिहिलेले असते की प्रवेश स्वतःच्या जबाबदारीवर असून कोणत्याही संसर्गास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. अशा फलकाने निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही, हे कोणताही वकील सांगेल. त्यातून होते ते एवढेच की आतील माणसांना, म्हणजे पर्यवेक्षकापासून सुरक्षारक्षकापर्यंत सर्वांना, आपले काम फलकाने केले असे वाटू लागते. हेही मान्य करते की अमक्या दिवशी अमक्या प्राणिसंग्रहालयातच मला कोविड झाला, हे सिद्ध करणे एखाद्या प्रेक्षकाला जवळजवळ अशक्य आहे. त्याच दिवशी तो बसमध्ये बसला असेल, हॉटेलात जेवला असेल. दाव्यांची जी भीती व्यवस्थापनाला वाटते ती या बाबतीत वाजवीपेक्षा जास्त आहे. पण दंडाची भीती खरी आहे आणि ती फारशी कोणी धरलेली दिसत नाही. राज्य शासनाच्या 27 नोव्हेंबर 2021 च्या आदेशानुसार नियम मोडणाऱ्या व्यक्तीला 500 रुपये दंड आहे; ती व्यक्ती ज्या आस्थापनेच्या आवारात नियम मोडताना सापडेल त्या आस्थापनेला 10,000 रुपये, आणि आस्थापनेनेच कसूर केली तर 50,000 रुपये. पन्नास रुपयांच्या तिकिटावर आत आलेल्या एका मास्क नसलेल्या माणसामुळे दोनशे तिकिटांची रक्कम जाऊ शकते.

त्याच आदेशात सार्वजनिक ठिकाणी दोन्ही मात्रा घेतलेल्यांनीच यावे अशी अट आहे. प्राणिसंग्रहालयात सर्वाधिक कोण येते? मुले. पंधरा ते अठरा वयोगटाचे लसीकरण सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना अजून लस नाही. लसीच्या प्रमाणपत्रावर सगळी मदार ठेवली तर ज्यांच्यासाठी ही उद्याने आहेत तेच त्या कवचाबाहेर राहतात. म्हणून गर्दीचा विचार फाटकावरच्या एकूण आकड्याने करून भागणार नाही. राणीच्या बागेतील हत्तीसमोरच्या मोकळ्या जागेत दोनशे माणसे उभी राहिली तर एक गोष्ट आणि पेंग्विनच्या बंदिस्त, वातानुकूलित दालनात काचेला नाक लावून साठ माणसे उभी राहिली तर अगदी वेगळी गोष्ट. हम्बोल्ट पेंग्विनना थंडावा हवा म्हणून ते दालन बंदिस्त आहे. त्यातली हवा माणसांसाठी किती वेळा बदलते याची नोंद दर्शनी भागात लागली पाहिजे आणि एका वेळी किती माणसे आत जातील हा आकडा त्यावरून ठरला पाहिजे. सर्पोद्यानांतील आणि निशाचर प्राण्यांच्या दालनांतील अरुंद वाटांनाही हेच लागू आहे. मुलांनी पिंजऱ्यात खाऊ फेकू नये हे सर्वांना ठाऊक आहे, पण आता त्याबरोबर वापरलेले मास्क आत पडू लागले आहेत आणि ते माकडे उचलतात. वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे कलम 38-जे प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे आणि आवारात कचरा टाकणे हा गुन्हा ठरवते, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ते कलम फलकावर असते. त्याचा वापर झाल्याचे मात्र क्वचितच ऐकू येते.

अधिकाऱ्यांच्या मनात आणखी एक आधार असतो, तो सद्‌भावनेच्या संरक्षणाचा. साथरोग अधिनियम, 1897 चे कलम 4 आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 चे कलम 73 सद्‌भावनेने केलेल्या कृतीसाठी अधिकाऱ्यांना दाव्यांपासून आणि खटल्यांपासून वाचवतात. हे संरक्षण असावे असेच माझे मत आहे, कारण अभूतपूर्व संकटात निर्णय घेणाऱ्याचा हात थरथरता कामा नये. पण भारतीय दंड संहितेचे कलम 52 सांगते की योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्‌भावनेची म्हणता येत नाही. आणि जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरेल अशी हयगय करणाऱ्याला कलम 269 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खोकणाऱ्या माणसाला पिंजऱ्याशी जायला लावणारा मुकादम आणि खाड्याच्या भीतीने खोकला लपवणारा कीपर यांपैकी त्या कलमात आधी कोण सापडेल, हे मी रोजच्या अनुभवावरून सांगू शकते. सापडेल तो कीपर. म्हणूनच सद्‌भावना कागदावर दिसली पाहिजे : कोणत्या तारखेला कोणाची चाचणी केली, कोणाला पगारी घरी पाठवले, बदली कोणाला दिली, हौदातले औषध कोणी कधी बदलले. ज्याच्याकडे अशी वही आहे त्या अधिकाऱ्याला न्यायालयात माझ्यासारख्या वकिलाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाला मी स्वतंत्रपणे विनंती करते. नादियाची बातमी आल्यावर दुसऱ्याच दिवशी, 6 एप्रिल 2020 रोजी, आपण देशभरातील प्राणिसंग्रहालयांना सर्वोच्च सतर्कतेची सूचना दिली. चोवीस तास लक्ष ठेवण्यास, संरक्षक साधनांशिवाय कोणालाही प्राण्यांजवळ न जाऊ देण्यास आणि आजारी प्राण्यांना वेगळे ठेवण्यास सांगितले. तत्परता वाखाणण्यासारखी होती. पण सूचना ही सूचनाच राहते. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 38-एच खाली मान्यता देण्याचे, ती निलंबित करण्याचे आणि रद्द करण्याचे अधिकार आपल्याकडे आहेत, आणि मान्यतेला अटी घालण्याची परंपराही आहे. त्या सूचनांतील चार-दोन गोष्टी मान्यतेच्या अटी म्हणून घालाव्यात आणि त्यांत एक अट अशी असावी की प्राण्यांच्या थेट संपर्कातील कोणताही कर्मचारी, मग तो कायम असो वा ठेक्यावरचा, संसर्गाच्या संशयावरून घरी राहिला तर त्याचा पगार कापला जाणार नाही. पिंजऱ्याची लांबी-रुंदी जर प्राधिकरण ठरवू शकते, तर त्या पिंजऱ्याशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या रजेचा नियमही ते ठरवू शकते, कारण दोन्हींचा हेतू प्राण्याचे आरोग्य हाच आहे. अमेरिकेत गेल्या वर्षी एका औषध कंपनीने प्राण्यांसाठीच्या लसीच्या अकरा हजार मात्रा तेथील प्राणिसंग्रहालयांना दिल्या. आपल्याकडे अशी लस अजून उपलब्ध नाही. ती येईपर्यंत सिंहाभोवतीच्या माणसांचे लसीकरण आणि त्यांची रजा हीच सिंहाची लस आहे.

आणि हे फक्त प्राण्यांपुरते नाही. डेन्मार्कमध्ये नोव्हेंबर 2020 मध्ये फरसाठी दाटीवाटीने पाळलेल्या मिंक नावाच्या प्राण्यांत बदललेला विषाणू पुन्हा माणसांत आल्यावर तेथील सरकारने देशातील सर्व मिंक मारण्याचे ठरवले आणि सुमारे दीड कोटीहून अधिक प्राणी मारले गेले. आपल्या प्राणिसंग्रहालयांत तसली दाटी नाही हे खरे. तरीही माणसाकडून प्राण्यात आणि प्राण्यातून माणसात हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालता येतो, एवढे तेथे दिसले.

तेव्हा महापालिकांकडे माझी मागणी अशी आहे. पुन्हा उघडण्याचा आदेश काढताना त्यात मागच्या फाटकाचे एक पान असावे. त्यावर एका अधिकाऱ्याचे नाव आणि पद असावे, समितीचे नको. समितीला समन्स बजावता येते, पण रात्री दहाला फोन करता येत नाही. त्या अधिकाऱ्याला आजारी कर्मचाऱ्याला घरी पाठवण्याचा आणि त्याच्या जागी प्रशिक्षित बदली माणूस घेण्याचा अधिकार त्याच दिवशी वापरता यावा, त्यासाठी उपायुक्तांच्या सहीची वाट पाहावी लागू नये. सात दिवसांची पगारी रजा ठेक्याच्या करारातच लिहावी आणि ठेकेदाराचे मासिक देयक मंजूर करण्यापूर्वी विम्याची वर्गणी भरल्याची पावती पाहावी. मांसाहारी प्राणी आणि माकडे-वानरे यांच्या कीपरांचे दोन स्वतंत्र गट करावेत, म्हणजे एक गट आजारी पडला तर दुसरा हाताशी राहील. हे करायला फार पैसा लागत नाही. एखाद्या प्रवेशकमानीच्या रंगरंगोटीवर याहून अधिक खर्च होतो.

हे पान तयार असेल तर फाटक अवश्य उघडावे. नसेल तर पंधरा दिवस थांबावे आणि ते तयार करावे. दोन वर्षे थांबलेली मुले आणखी पंधरा दिवस थांबतील.

माझ्याकडे आलेल्या त्या प्राणीरक्षकाने निघताना एक प्रश्न विचारला होता. मॅडम, पुढच्या वेळी खोकला आला तर मी मुकादमाला सांगू का? मी त्याला कायद्याने जे उत्तर द्यायला हवे ते दिले. पण त्याचा पगार मी देत नाही, आपण देता. त्याचे उत्तर आपल्याकडून लेखी मिळावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक वकील, पुणे